आधी रक्त, मग साक्षगंध

कलाबाई मेश्रामांना आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात निम्मे लोक ‘रक्तवाली बाई’ म्हणतात आणि उरलेले ‘लग्नमोडी’. दोन्ही नावं त्यांच्या तोंडावर घेतली जातात. आमच्याकडे माणसाच्या पाठीमागे बोलायची फारशी पद्धत नाही, तोंडावर बोलून मोकळे होतात. कलाबाई ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘‘बोलून झालं का? आता कार्ड दाखवा.’’

मी योगराज रहांगडाले. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून सत्तावीस वर्षं लोकांच्या बोटांना सुया टोचल्या आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. स्वभावानं चिडका आहे, हे घरचे सांगतात आणि ते खरं आहे. समाजकार्य करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा. फोटो काढतात, चहा पितात आणि जातात. कलाबाईंच्या नावावर असा एकही फोटो नाही. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला आधी माझीच एक चूक कबूल करावी लागणार आहे, म्हणून हे लिहिणं मी वर्षभर टाळत होतो.

सुरुवात त्यांच्या मुलापासून झाली. रत्नपाल त्याचं नाव. हा पोरगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून माझ्या ओळखीचा होता, कारण दर दोन महिन्यांनी तो दवाखान्यात यायचाच. डोळे पिवळे, हातापायांचे सांधे ठणकायचे, ताप आला की आईच्या पदरात तोंड खुपसून कण्हत पडायचा. गावात कोणी कावीळ म्हणायचं, कोणी वात. त्याला सिकलसेल होता. या रोगात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि जिथं अडकतात तिथं जीव जाईल असं दुखतं. आमच्या भागात हा रोग कोणत्याच जातीला सोडत नाही. रत्नपालला गोंदियाला नेऊन किती वेळा रक्त चढवलं, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. पंधराव्या वर्षी, दहावीत असताना, छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तो गेला.

महिन्याभरानं कलाबाई एकट्याच लॅबमध्ये आल्या. नवरा ताराचंद गवंडीकाम करायचा, तो रत्नपाल गेल्यापासून घराबाहेरच पडला नव्हता. बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘योगराजभाऊ, मले समजावून सांगा. माह्या पोराले हे झालं तं काऊन झालं?’’

मी सांगितलं. ज्याच्या रक्तात हा दोष अर्धाच असतो त्याला स्वतःला काही होत नाही, त्याला आम्ही पिवळं कार्ड देतो. ज्याला रोगच आहे त्याला लाल. निर्दोष माणसाला पांढरं. नवरा पिवळा आणि बायको पांढरी असेल तर भिण्यासारखं काही नाही, खुशाल संसार करा. दोघंही पिवळे असले, तर मात्र धोका. तुम्ही आणि ताराचंद दोघंही पिवळे.

त्यांना अजून नीट कळेना. मग मी टेबलावरच्या स्टँडमध्ये चार नळ्या ठेवल्या. एकीला पांढरं बूच, दोघींना पिवळं, एकीला लाल. डावीकडून एकेक उचलून दाखवली. ‘‘दोन पिवळ्यांच्या पोटी चारात एक असा निघू शकतो,’’ म्हणत शेवटची लाल बुचाची नळी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. बाई ती नळी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

‘‘हे लग्नाच्या आधी मालूम होते?’’

‘‘होते. थेंबभर रक्त लागतं.’’

‘‘मंग हे कोणी सांगून नाही राहिलं काऊन?’’

भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवून मी म्हटलं, सांगून राहिलो ना. त्या म्हणाल्या, ‘‘तेथी पाहाले येते कोण? ज्याचं पोरगं दुखते तोच येते. त्याले सांगून का फायदा?’’

या बाईचं बरोबर आहे आणि आपलं पोस्टर मूर्खपणाचं आहे, हे मला त्याच क्षणी पटलं.

त्या सातवी शिकलेल्या, दुसऱ्याच्या शेतावर रोवणीला जाणाऱ्या. भाषण कधी केलेलं नाही. एकदा ग्रामसभेत बोलायला उठल्या, तर सरपंचानं ‘बाई, विषय नालीचा चालू आहे’ म्हणून खाली बसवलं. विहारात बोलल्या, तिथं लोकांनी मान हलवली आणि विसरून गेले. मग त्यांनी आपली जागा शोधली, ती म्हणजे रोवणीची ओळ.

धानाच्या बांधीत वीस बाया एका ओळीत वाकून मागे सरकत रोपं खोचत जातात. मधली बाई उठून जाऊ शकत नाही. उठली तर शेजारणी मागे सरकत जातात आणि तिची जागा मोकळी राहून सगळ्यांना दिसते. नाक मुरडून निघून जायची सोय असलेल्या माणसाला काही पटवायला जाऊ नये, हे कलाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्या ओळीच्या बरोबर मध्ये उभ्या राहायच्या. अर्धा दिवस गाणी, गप्पा, कोणाच्या सुनेची निंदा, सगळ्यांत सामील व्हायच्या. दुपारनंतर कोणाच्या तरी पोरीच्या लग्नाचा विषय निघायचाच, की या सुरू. पेंढीतून चार रोपं काढायच्या. पहिलं दाखवायच्या, ‘‘हे चांगलं.’’ दुसरं, तिसरं, ‘‘हे पिवळे, आपल्यासारखे.’’ आणि चौथं कडकन मोडून चिखलात टाकायच्या. ‘‘अन् हा माहा रत्नपाल.’’

मग त्या म्हणायच्या, ‘‘आधी रक्त, मंग साक्षगंध. समजलं का व?’’ साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

मी हे दोन-तीनदा स्वतः धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून पाहिलं आहे. ते चौथं रोप मोडताना बाईच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

रोवणी संपली की धान कापणीला, आणि फाल्गुनात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली की थेट घरांमध्ये. कुठं पोरगी बघायला मंडळी येणार आहेत, याची खबर त्यांना पोस्टमनच्या आधी असायची. अंगणात जाऊन बसायच्या. पोहे झाले, चहा झाला, की दोन्ही बाजूंना विचारायच्या, ‘‘पोराचं कार्ड? पोरीचं?’’ एकदा मुलाचा मामा भडकला, ‘‘बाई, आमी पोरगी पाहाले आलो का बकरा?’’ कलाबाई म्हणाल्या, ‘‘बकऱ्याचे तं दात तरी पाहाता जी तुमी.’’ मंडळी हसली आणि मामा दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन माझ्या लॅबमध्ये हजर.

पाच-सहा वर्षांत अशी स्थिती आली की फाल्गुन-चैत्रात माझ्या दाराशी जोड्यांची रांग लागायची. लाजत, एकमेकांपासून हातभर लांब उभी असलेली पोरं-पोरी. मी वरवर कुरकुर करायचो, आतून मला फार बरं वाटायचं. काही जुळलेली लग्नं मोडली. मोडलेल्या प्रत्येक लग्नाची खबर आली की कलाबाई माझ्याकडे येऊन रडायच्या. मी म्हणायचो, तुम्ही एक जीव वाचवला. त्या म्हणायच्या, ‘‘तो जीव मले दिसत नाही ना भाऊ. रडणारी पोरगी दिसते.’’

मग आमच्या लोकांनी त्यात आपलं डोकं चालवलं. दोन पिवळे एकत्र नकोत, इतकंच कलाबाई सांगत होत्या. लोकांनी ऐकलं, पिवळी पोरगी नको. पोराचं कार्ड पांढरं असलं तरी नको. पोराचं पिवळं असेल तर ते कपाटात राहायचं, आणि पोरीचं मात्र मागून घ्यायचे. माझा संताप संताप व्हायचा.

त्यात सापडली खुशबू. ताराचंदचा धाकटा भाऊ सुकराम, त्याची ही पोरगी. बारावी झालेली, शिवणकाम करणारी, हसरी. कलाबाईंना ती मोठी आई म्हणायची आणि रोवणीच्या ओळीत त्यांच्या शेजारी उभी राहायची. हिचं कार्ड पिवळं. एका मागोमाग एक तीन ठिकाणांहून नकार आला. तिसरा मुलगा तर पांढरा होता. ती मंडळी उठून निघाली तशा कलाबाई त्यांच्या मागे बसस्टँडपर्यंत धावल्या. ‘‘तुमचा पोरगा पांढरा आहे जी, काही होत नाही. या दवाखान्यात, विचारा,’’ म्हणत हात जोडले. मुलाची आई एसटीच्या पायरीवर चढता चढता म्हणाली, ‘‘तुमीच तं सांगत फिरता बाई. आमी तुमचंच ऐकून राहिलो.’’

हे मला कलाबाईंनीच सांगितलं. सांगताना त्या दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

चौथं स्थळ सालेकशाकडचं आलं. हिमांशू, गोंदियात राइस मिलमध्ये कामाला, सरळ पोरगा. पाहुणे येण्याआधी सुकरामनं वहिनीपुढं हात जोडले, ‘‘या खेपेस बोलू नका. पोरगी झुरून राहिली.’’ त्या दिवशी कलाबाई अंगणात बसल्याच नाहीत. आत चुलीपाशी चहा करत राहिल्या. पुढं साक्षगंधाला मी गेलो होतो, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पोराचं कार्ड पाहिलं का? त्यांनी मान खाली घातली. ‘‘राहू द्या भाऊ. एका पोरीचं तरी होऊ द्या.’’

मी राहू दिलं. जिलेबी खाल्ली आणि घरी आलो.

दोन वर्षांनी खुशबू आणि हिमांशू दहा महिन्यांच्या पोरीला घेऊन माझ्या लॅबमध्ये आले. मला रिटायर व्हायला तेव्हा तीन महिने बाकी होते. पोरीचे दोन्ही हात आणि पावलं सुजलेली, बोटं फुगलेली, स्पर्श केला की किंचाळत होती. मी काही विचारायच्या आधीच मला कळलं होतं. नमुना घेतला, गोंदियाला पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. लाल.

‘‘तुझं कार्ड?’’ मी हिमांशूला विचारलं. त्यानं पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. पिवळं, वर प्लास्टिक चढवून जपलेलं.

‘‘मालूम होतं?’’

‘‘हो जी. मी खुशबूले फोनवर सांगितलं होतं लग्नाच्या आधीच. लपवलं नाही.’’

मी तिच्यावर ओरडलो. ज्या घरात कलाबाई आहेत त्या घरातली पोरगी तू, ओळीत त्यांच्या शेजारी उभी राहिलीस, आणि तुला अक्कल नाही? ती शांतपणे म्हणाली, ‘‘पण आमी एकच करणार होतो काका. फार तं दोन. चौथ्यापर्यंत जाणारच नव्हतो.’’

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणते आहे.

‘‘मोठी आई नाही का दाखवत होती? पहिला चांगला, दुसरा तिसरा पिवळा, चौथा लाल. ही तं पहिलीच आहे जी. मंग हिले काऊन झालं?’’

चारात एक म्हणजे दर खेपेला नव्यानं चारात एक. पहिलंही लाल निघू शकतं, चारही निघू शकतात, एकही निघणार नाही असंही होऊ शकतं. हे मला माहीत होतं, मी शिकलेलो होतो. कलाबाईंनी दहा वर्षं ओळीत चौथंच रोप मोडलं, कारण दहा वर्षांपूर्वी मी टेबलावरची चौथीच नळी उचलली होती. धुऱ्यावर उभं राहून ते बघताना मला एकदा खटकलं होतं, हेही खरं आहे. सोपं आहे, बायांना पटतं आहे, म्हणून मी गप्प बसलो. दहा वर्षांत मला एकदाही तोंड उघडता आलं नाही.

कलाबाईंना सांगायला मीच गेलो. त्या आधी पोरीविषयी सगळं विचारत राहिल्या, सूज किती, ताप किती, दूध पिते का. मग मी चौथ्या रोपाचं सांगितलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून जरा वर आला आणि एक, दोन, तीन, चार असा हवेतच हलला. मग तो हात त्यांनी पदराखाली घेतला.

‘‘मी न बघता कुठलीही नळी उचलायला हवी होती,’’ मी म्हणालो. ‘‘चूक माझी आहे.’’

‘‘तुमच्या टेबलापाशी मी एकटी होती, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओळीत वीस-वीस बाया होत्या. कितीजणी हेच धरून बसल्या असतीन?’’

त्यांनी ठरवलं, येत्या रोवणीत जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं जाऊन चुकलो म्हणायचं. हे खुशबूच्या कानावर गेलं. पोरीच्या दवाखान्यासाठी ती आणि हिमांशू तेव्हा सुकरामकडेच राहायला आले होते. दोघा भावांचं अंगण एकच, मध्ये फक्त तुराट्यांचा कूड. ती पोरीला कडेवर घेऊन कुडातल्या वाटेनं आली. मी तिथं होतो.

‘‘मोठी आई, मी तुह्या पाया पडते. सांगू नको.’’

‘‘मी नाव नाही घेणार व बाई.’’

‘‘नाव घ्याची गरज का आहे? दहा वर्षं सांगितलं अन् आता चुकली म्हणते, मंग लोक विचारणार नाही काऊन चुकली? सारे माह्याच घराकडे पाहातील. हिले आतापासून लालवाली म्हणतील. मले तीन जणांनी परत केलं, हिचं का होईल?’’

कलाबाई पोरीकडे बघत होत्या. पोरीनं त्यांच्या बाजूला हात केला. खुशबूनं ती दुसऱ्या कडेवर घेतली.

खुशबू गेल्यावर कलाबाईंनी मला विचारलं, काय करू? मी म्हणालो, सांगा. मला ते सोपं होतं. ती नात माझी नव्हती.

त्या वर्षी रोवणीत मी मोटरसायकलवर त्यांना नऊ गावं फिरवली. मी धुऱ्यावर उभा राहायचो आणि त्या ओळीत शिरायच्या. आता त्या चार रोपांतल्या एकाचं मूळ खुडून चारही पाठीमागे धरून घोळवायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, ‘‘न पाहाता काढ.’’ मग ती चारही पुन्हा घोळवून पुढचीला, ‘‘आता तू काढ.’’ आणि म्हणायच्या, ‘‘दर पोराच्या वेळेस असंच आहे. मी तुमाले चुकीचं सांगितलं होतं. पहिलंही जाते.’’ काही बाया हसल्या. काहींनी विचारलं, ‘‘काऊन व, का झालं?’’ त्या म्हणायच्या, ‘‘झालं काही.’’ दुपारपर्यंत ओळीला सगळं माहीत झालेलं असायचं.

सातव्या गावात ओळीच्या टोकाला असलेली एक तरुण बाई एकदम सरळ उभी राहिली. हातातली पेंढी तशीच घेऊन बांधीतून बाहेर आली आणि धुऱ्यावर माझ्या पायापाशी बसली. तिला तिसरा महिना होता. नवराही पिवळा, तीही पिवळी, आणि हे पहिलंच म्हणून दोघं निर्धास्त. मी तिला दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी गोंदियाला पाठवलं. पुढं तिचं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. कलाबाई चिखलात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. परत येताना गाडीवर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘एक तं होती, भाऊ.’’

खुशबूनं त्यानंतर कुडातली ये-जा बंद केली. वाट होती तिथं सुकरामकडून काट्या लावून घेतल्या. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त बोलणं थांबवलं. गावात तिच्या पोरीला काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. खुशबू म्हणाली होती तेच म्हणतात. तिचा राग खोटा आहे असं मला म्हणता येत नाही, आणि कलाबाई चुकल्या असंही म्हणता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी रिटायर होऊन बसलो आहे.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. ताराचंद खाटेवर झोपलेला. कलाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. पलीकडे पोरगी रडत होती. बराच वेळ रडत होती. कलाबाईंचा हात थांबला.

‘‘भाऊ, तिचं दुखून राहिलं का तिले भूक लागली?’’

मी म्हणालो, मला कसं कळणार? तुम्हीच सांगा, तुम्ही एक पोर वाढवलं आहे असं.

‘‘रत्नपालचं मले रस्त्यावरून समजत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिचं नाही समजत. हिले मी कधी जवळ घेतलंच नाही ना.’’

मग म्हणाल्या, ‘‘तुमी पाहून येता का?’’

मी रस्त्यानं वळसा घालून सुकरामच्या दारात गेलो. खुशबूनं मला पाणी दिलं, बसा म्हणाली. पोरगी तिच्या मांडीवर वरण-भात खात होती, गालावर ओघळ तसेच होते. मी परत वळसा घालून आलो आणि कलाबाईंना सांगितलं की भूक लागली होती.

‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या.